माहितीपटातला नवरदेव

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि माझी अवस्था पाहून माझ्यानंतरही बरीच वर्षं कोणाची हिंमत झाली नाही.

आम्ही गोंधळी. लग्न झालं की नवरदेवाच्या घरी देवीचा गोंधळ घालायचा, म्हणजे चौक मांडायचा, दिवटी पेटवायची, संबळ वाजवून देवीला बोलवायचं आणि तिच्या कथा सांगायच्या, हा आमचा पिढीजात धंदा. लगीनसराईत पोटभर जेवण, एरवी लोकांच्या रानात कापूस वेचणं. पावसाळ्यात आमची पत्र्याची खोली इतक्या ठिकाणी गळायची की घरातली सगळी भांडी गळतीखाली लागायची, आणि आता स्वयंपाक कशात करायचा, हा मायपुढं दरवर्षीचा प्रश्न! बाप लवकर गेला. थोरला भाऊ किसनदादा शाळा सोडून संबळ घेऊन उभा राहिला. मला मात्र शाळेत घातलं, कारण मला ताल धरता येत नव्हता. (हे खरं कारण. पंधरा ऑगस्टच्या भाषणात मी वेगळं सांगतो.)

तर मी बी.ए. झालो. इतिहास घेऊन. अंबडहून डिग्रीला फ्रेम करून आणली, ती मायनं देव्हाऱ्याशेजारी टांगली आणि रोज सकाळी देवीबरोबर तिलाही हळदीकुंकू वाहू लागली. काही महिन्यांत कुलगुरूंची सही कुंकवाखाली दिसेनाशी झाली. नोकरी काही लागली नाही. पण गावात मान होता. कोणाचं टपाल आलं, रेडिओ बिघडला, म्हैस आटली, की लोक म्हणायचे, "दत्ताला विचारा, तो शिकलेला हाय." रेडिओ आणि म्हैस दोन्ही माझ्या हातून सुधारले नाहीत, तरी विचारायचे. दादाला कोणी काही विचारत नव्हतं. घराची शोभा मी होतो आणि घराचं पोट दादा, अशी वाटणी आम्हा दोघांना मान्य होती. निदान मला तरी!

त्या वर्षी ज्येष्ठात आमच्या दारात एक जीप येऊन थांबली. (आमच्या गल्लीत जीप दोनच कामांना यायची, निवडणूक नाहीतर जप्ती.) आतून खादीचा कुडता घातलेल्या एक मॅडम उतरल्या. मागून कॅमेरामन, आणि त्याच्यामागून कानांना दोन वाट्या लावलेला, आवाज टिपणारा माणूस.

"दत्ता कोण?" मॅडमनी विचारलं. "तुमच्या कॉलेजातल्या सरांनी पत्ता दिला. आम्ही गोंधळावर माहितीपट करतोय."

मी तडक आत गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, पावडर थापली, डिग्रीची फ्रेम कुंकवासकट उचलून पाठीमागं नीट दिसेल अशी ठेवली आणि शेजारच्यांकडून आणलेल्या खुर्चीवर पाय दुमडून बसलो.

"हं, विचारा," मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, "किसनराव कुठे आहेत?"

किसनराव मागं म्हशीला धूत होते. ते ओल्या लुंगीवर, अंगाला शेण लागलेलं, हातात नारळाची शेंडी, असे पुढं आले. त्यांना पाहताच कॅमेरामननं झडप घालून कॅमेरा खांद्यावर घेतला आणि ओरडला, "असेच! बिलकुल असेच राहा!" माझ्या इस्त्रीकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही!

मला दोन कामं मिळाली. एक दुभाष्याचं, कारण मॅडमची मराठी दादाला कळत नव्हती आणि दादाची मॅडमला. दुसरं, कॅमेऱ्यावर छत्री धरायचं.

"सादरीकरणाआधी आपण मनाची पूर्वतयारी कशी करता?" मॅडमनी विचारलं.

मी दादाला म्हणालो, "गोंधळाच्या आदी काय करतोस?"

"तमाकू खातो."

मी मॅडमना सांगितलं, "ते थोडा वेळ डोळे मिटून ध्यान करतात."

दादा माझ्याकडं बघत राहिला. "दत्त्या, एवढं लंबं कधी बोललो मी?"

दिवसभर हेच. दादानं संबळ बांधला, चित्र घ्या. दादानं संबळ सोडला, चित्र घ्या. दादा नुसता उकिडवा बसला, तरी मॅडम पुटपुटणार, "काय चेहरा आहे!" तोच चेहरा मी लहानपणापासून पाहत होतो, त्यात काही आहे असं मला एकदाही वाटलं नव्हतं. शेवटी त्यांनी दादाच्या अंगठ्याचं अगदी जवळून चित्रण केलं. अंगठ्याचं! ज्या अंगठ्यानं दादा सोसायटीत सही ठोकतो, त्या अंगठ्याचा क्लोजअप, आणि ज्या हातानं मी तीन वर्षं इतिहासाचे पेपर लिहिले त्या हातात छत्री!

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडं बघून थांबली.

"भावजी, तोंड काहून असं कारल्यावाणी झालंय?"

"ऊन लागलं."

"छत्री तर तुमच्याच हातात हाय की!"

मॅडमना आता खरा, पूर्ण गोंधळ टिपायचा होता. लगीनसराई संपत आलेली. दादाच्या हातात अंबडच्या एका घरचा एकच गोंधळ उरला होता, आणि नेमकं त्या घरात सुतक पडलं. मॅडम हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "काही हरकत नाही. आपण कोणालाही नवरा-नवरी म्हणून बसवू. किसनराव तेवढा गोंधळ घालतील."

दादानं मान हलवली. "न्हाई जमत मॅडम. यजमान खरा लागतो."

"फक्त चित्रणापुरतं हो!"

"चित्रण तुमचं. बोलावणं माझं. देवीला तिकडून एवढ्या लांबून बोलवायचं, अन् आल्यावर सांगायचं का, बाई, लगीन न्हाई झालं, परत जा?"

मॅडम माझ्याकडं वळल्या. "दत्ताभाऊ, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही समजावा ना." मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात चुलीपुढून माय बोलली.

"मंग दत्त्याचंच लगीन लावून टाकू की!"

इथं थोडं मागचं सांगायला पाहिजे. भोकरदनकडच्या धावड्याची एक मुलगी मला सांगून आली होती. नाव मंदा, शिक्षण दहावी पास. मुलगी पाहिली, पोहे खाल्ले, आणि "नोकरी लागल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही" असं बाणेदार उत्तर देऊन परत आलो. मुलीचे वडील बिचारे तेव्हापासून थांबले होते. (का थांबले, ते त्यांनाच ठाऊक. बी.ए. जावयाचं आकर्षण त्या काळी असं होतं.) मायनं वर्षभर विनवलं, रडली, उपास धरले. मी हललो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!

"माय, कायतरीच काय!" मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता डोक्यात उजेड पडला. गोंधळात यजमान कुठं बसतो? ऐन मधे! चौकासमोर! सुरुवातीपासून आरतीपर्यंत! कॅमेरा दादावर येणार म्हणजे माझ्यावर आलाच. नवा फेटा, मुंडावळ्या, अंगावर हळद. दादाच्या शेणाच्या लुंगीपुढं हे चित्र कसं दिसेल?

"बरं," मी म्हणालो. "तुमच्या मनात असंल तर करून टाका."

मायच्या हातातून उलथणं पडलं. ती देव्हाऱ्यापुढं जाऊन रडायला लागली, देवीच्या पाया पडली, डिग्रीच्या पाया पडली. मॅडम घाबरल्या. "अहो, माझ्या फिल्मसाठी कोणी लग्न करू नका!" मी गंभीरपणे म्हणालो, "मॅडम, कलेसाठी त्याग करावा लागतो." वहिनी मात्र माझ्याकडं डोळे बारीक करून बघत होती. ती मला बराबर ओळखून होती.

आठवड्याच्या आत शेवटच्या तिथीला धावड्यात लग्न लागलं. जल्दी जल्दीत सासऱ्यांनी जे जमलं ते केलं. मंदानं पहिल्यांदा माझ्याशी बोलताना विचारलं, "वरीसभर न्हाई म्हणत व्हते, अन् असं अचानक कसं हो म्हणलं?"

मी म्हणालो, "मनानं घेतलं."

ती लाजली. मला वाईट वाटलं, पण फार नाही, कारण मी फेट्याचा विचार करत होतो.

दुसऱ्या दिवशी घरी गोंधळ. गोंधळ घालायचा रात्री, पण मॅडमचे मोठे दिवे लावले की गावाची वीज आचके द्यायची. म्हणून ठरलं, गोंधळ भरदुपारी घालायचा आणि अंगणावर ताडपत्री टाकून रात्र करायची, फटींतून येईल तेवढा उजेड कॅमेऱ्याला पुरे. माय म्हणाली, "देवीला कळंल ना, दुपार हाय म्हणून?" दादा म्हणाला, "देवीला कळंल. पिच्चर बघणाऱ्याला न्हाई कळायचं." आडतीवरून ट्रकच्या ताडपत्र्या आणल्या, चारी बाजूंनी बांधल्या. आत ज्येष्ठातली दुपार, तेलाची दिवटी, अख्खी गल्ली आणि धावड्याचं वऱ्हाड. पाच मिनिटांत माझी पावडर हनुवटीपर्यंत आली.

चौक मांडला. तांदूळ, कलश, ज्वारीची पाच धाटं उभी करून बांधलेली. आम्हा दोघांना पाटावर बसवलं. उपरण्याची आणि शालूची गाठ मारली. मी मान ताठ केली, मंद स्मित केलं आणि कॅमेरा कुठं आहे ते बघितलं.

कॅमेरा दिसेना.

दादा समोर होता, चौकाच्या पलीकडं. साथीदार त्याच्या बाजूला. आणि कॅमेरा? कॅमेरा माझ्या मागं होता! आता यजमानाचं तोंड देवीकडं असतं, देवीपलीकडं गोंधळी उभा राहतो, आणि गोंधळ्याचं तोंड टिपायचं तर कॅमेरा यजमानाच्या पाठीमागंच उभा राहणार, हे कुठलंही शेंबडं पोर सांगेल. मी जन्मापासून गोंधळ पाहत आलो होतो. फक्त बी.ए. असल्यामुळं लक्षात आलं नव्हतं!

मी मागं वळून बघितलं.

"नवरदेव, पुढे बघा!" मॅडम दबक्या आवाजात ओरडल्या.

मी पुढं बघितलं. थोड्या वेळानं घाम पुसायच्या निमित्तानं डावीकडून वळलो. "नवरदेव!" मग उजवीकडून शिंक आणली. "नवरदेव, प्लीज!" मागून सासरे कोणाला तरी विचारत होते, "जावईबापूंच्या मानंला काय झालं?"

आणि समोर दादा! संबळ असा कडाडत होता की धाटांची पानं थरथरत होती. एकेका गावच्या देवीला तो नाव घेऊन हाका मारत होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. पण काटा पाठीवर आला काय नि पोटावर आला काय, चेहरा कोणाला दिसत होता?

एकच आशा उरली होती. शेवटाकडं यजमानानं हातात दिवटी घेऊन चौकाभोवती फिरायचं असतं. फिरायचं म्हणजे कधी ना कधी पलीकडच्या बाजूला जायचं. पलीकडं गेलं की तोंड कॅमेऱ्याकडं! मी दबा धरून बसलो. दादानं दिवटी हातात दिली. मी उठलो, मागून गाठीला बांधलेली मंदा उठली. हळूहळू चालत, नाकासमोर बघत मी दादाच्या शेजारी पोचलो, वळलो, आणि कॅमेऱ्याच्या काचेला डोळा भिडवला.

"रीळ संपलं!" कॅमेरामन ओरडला. आणि कॅमेरा उघडून बसला!

मी तिथंच थांबलो. जिवंत माणूस तिथून हलला नसता. दादा वाजवता वाजवता डोळ्यांनी खुणावत होता, पुढं चल, पुढं चल. मंदानं मागून उपरणं ओढलं.

"चला की."

"थांब जरा. रीळ बदलून राह्यले."

"कसलं रीळ?"

"तू गप उभी ऱ्हा. पदर नीट कर."

थांबल्या थांबल्या मला आठवलं, कॅमेरामन कालपासून सारखा म्हणत होता, चेहऱ्यावर प्रकाश पाहिजे, चेहऱ्यावर प्रकाश पाहिजे. मी दिवटी चेहऱ्याजवळ आणली. मिशा चटचटायला लागल्या. म्हणून थोडी वर धरली. कॅमेरामन अजून खटपट करतोच आहे. मी आणखी वर धरली. आणखी थोडी वर. माझी नजर काचेवर. सगळ्या मंडळींची नजर माझ्या डोक्यावर. मला वाटलं, फेटा बघतायत.

"आग! आग लागली! ताडपत्री पेटली!"

मग काय विचारता! तेलकट ताडपत्री, ती काय सावकाश जळते? वऱ्हाड उठलं, लेकरं रडायला लागली, सासरे "पाणी! पाणी!" म्हणत पाण्याच्या उलट्या दिशेनं पळाले. वहिनी हंडा घेऊन आली आणि तिनं नेम धरून पाणी मारलं. आगीवर थोडं गेलं, बाकी सगळं माझ्यावर. (नेम चुकला होता असं ती आजपर्यंत म्हणते. माझा विश्वास नाही.) दोघा-तिघांनी काठ्या घालून जळका तुकडा खाली ओढला, पायांनी तुडवला, दिवटी माझ्या हातातून हिसकावली आणि मला ओल्या पोत्यासारखं पाटावर नेऊन बसवलं. पाठमोरं.

या सगळ्यात दादा थांबला नव्हता! आरती झाल्याशिवाय संबळ थांबवायचा नाही, हा नेम. पोरगं रडू दे, मांडव जळू दे. तो वाजवत होता, साथीदार वाजवत होते, आणि वर ताडपत्रीला परातीएवढं भोक पडलं होतं. त्या भोकातून भरदुपारचं ऊन तिरपं आत आलं, धुरातून त्याचा लखलखीत सोटा झाला, आणि तो सोटा बरोबर, अगदी बरोबर, दादाच्या तोंडावर पडला.

कॅमेरामनचं रीळ त्याच क्षणी बसलं.

"घे! घे! घे!" मॅडम नाचत होत्या. "काय प्रकाश आहे! देवा, काय प्रकाश आहे!"

तो प्रकाश कोणी पाडला, हे विचारायची कोणाला शुद्ध नव्हती.

सगळं आवरल्यावर मी मंदाला खरं सांगून टाकलं. मिशी जळालेल्या माणसाला खोटं बोलणं जड जातं. तिनं माझं ओलं उपरणं पिळून दोरीवर टाकलं. मला वाटलं, आता ही धावड्याची एस.टी. धरणार.

"आदी सांगायचं ना," ती म्हणाली. "मी पण तिकडून नथ नीट घालून आले असते."

दिवाळीच्या सुमारास मॅडमनी व्हिडिओ कॅसेट पाठवली. अंबडहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला, अंगणात मांडला. अख्खं गाव लोटलं. सासरेही धावड्याचं वऱ्हाड घेऊन खास आले. सुरुवातीला म्हैस आली. मग अंगठा आला, पडदाभर, लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग गोंधळ सुरू झाला, आणि पडद्याच्या मधोमध एक भलामोठा फेटा आला. फेट्याच्या मागून दादाचा एक कान तेवढा दिसत होता.

"कोण बसलंय रे मधी?" मागून आवाज आला.

"ए, फेटेवाला! सरक की!"

"खाली बस ना भौ! किसन दिसून न्हाई राह्यला!"

लोक टीव्हीवर ओरडत होते! मी अंधारात जागच्या जागी खाली सरकलो. त्याचा टीव्हीवर काही परिणाम झाला नाही. मायनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "लेकरा, जरासा सरकला असता त..."

आणि मग ते ऊन आलं. धूर, सोटा, दादाचा चेहरा. म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. मी दादाकडं पाहिलं, तो टीव्हीकडं बघत नव्हताच, तंबाखू मळत होता. मला वाटलं, झालं, आता यापेक्षा वाईट काही होणार नाही. तेवढ्यात पडद्यावर मंदा आली. धुराकडं घाबरून मागं वळून बघणारी मंदा! तिरपी नथ, मोठे डोळे, अख्खा पडदाभर! धावड्याच्या वऱ्हाडानं टाळ्यांचा कडकडाट केला. सासरे उठून उभे राहिले आणि सगळ्यांना सांगायला लागले, "माझी लेक! माझी लेक!"

म्हणजे भाऊ आला, बायको आली, म्हैसही आली!

त्या माहितीपटाला पुढं बक्षीस मिळालं, म्हणे छायाचित्रणासाठी. दादाला मोठमोठ्या शहरांतून बोलावणी यायला लागली, तो विमानात बसून आला, आणि आल्यावर म्हणाला, "तमाकू खाऊ देत न्हाईत." आमचं पत्र्याचं घर गेलं, स्लॅबचं झालं. दादाच्या दोन्ही पोरी कॉलेजात गेल्या आणि पहिल्या वर्गात आल्या. मलाही अखेर अंबडला हायस्कुलात इतिहासाच्या मास्तरची नोकरी लागली. आमच्या घराण्यातली पहिली पगाराची नोकरी, हे मी छाती पुढं काढून सांगतो.

पण शाळेनं एकदा तो माहितीपट सगळ्या पोरांना दाखवला. तेव्हापासून मी वर्गात शिरतो, तोंड भरून बोलतो, राजे आणि लढाया सांगतो, कोणी मान वर करत नाही. फळ्यावर लिहायला वळलो, की मागून कुजबुज सुरू होते.

"अय, हेच रे ते! पिच्चरमधले!"